सातवीला वाचायला कोण शिकवणार?

सातवीच्या विज्ञानाच्या तासाला एखाद्या मुलाला उभं करा आणि हे वाक्य वाचायला सांगा : 'पाण्याचे बाष्पीभवन होऊन तयार झालेल्या बाष्पाचे थंड पृष्ठभागाच्या संपर्कात सांद्रीभवन होते.' तो 'बाष्पी'पाशी थबकेल, 'पृष्ठ'चं 'पृष्ट' करेल, 'सांद्री' फोडून फोडून वाचेल, पण शेवटपर्यंत पोचेल. मग विचारा, 'बाष्पाचं काय होतं?' पुस्तकातून नजर न उचलता तो सांगेल, 'बाष्पाचे सांद्रीभवन होते.' वहीतही हेच लिहील आणि पैकीच्या पैकी गुण मिळवील. आता पुस्तक मिटायला लावा आणि विचारा, 'वरणाच्या पातेल्यावरचं झाकण उचललं, की त्याच्या आतल्या बाजूला थेंब दिसतात. ते कुठून येतात?' वर्ग गप्प होतो. वाफ थंड होऊन तिचं पुन्हा पाणी होतं, तेच सांद्रीभवन, हे कुणालाच जोडता येत नाही.

या मुलाला वाचता येतं, असं शाळेचं दप्तर सांगतं. त्याला येतं ते एवढंच, की प्रश्नातला शब्द धड्यात हुडकायचा आणि त्या शब्दाच्या आजूबाजूचं वाक्य उतरवायचं. हे कौशल्य तो पाच वर्षं घोटून शिकलाय, आणि शाळेनंच ते शिकवलंय. 'एका वाक्यात उत्तरे लिहा' या प्रश्नाची गाठ धड्यातल्या वाक्याशी इतकी पक्की बसलीय, की मधे अर्थ असला काय नि नसला काय.

पहिली-दुसरीत वाचायला शिकायचं आणि पुढे वाचून शिकायचं, अशी एक सोयीची विभागणी आपण मनाशी करून ठेवली आहे. सहावी ते आठवीचं सगळं वेळापत्रक या समजुतीवर उभं आहे. प्रत्यक्षात सहावीपासून मजकुराची जातच बदलते. गोष्ट आणि कविता मागे पडतात. इतिहास, भूगोल, विज्ञान, नागरिकशास्त्र यांची माहितीने ठासलेली गद्य पानं समोर येतात. वाक्यं दुप्पट लांब होतात आणि रोजच्या बोलण्यात कधी न येणारे शब्द ओळीओळीला भेटतात. हे वाचन नवं आहे, म्हणून ते नव्याने शिकवावं लागतं. रोज, वेळापत्रकात जागा देऊन आणि सगळ्या विषयांच्या शिक्षकांनी मिळून. आज ते कुणाच्याच वाट्याला नाही.

धोरणंसुद्धा तिसरीच्या उंबऱ्यावर थांबतात. जुलै २०२१ मध्ये सुरू झालेल्या 'निपुण भारत' अभियानाने २०२६-२७ पर्यंत तिसरीच्या प्रत्येक मुलाला अर्थ समजून वाचता यावं, असं ठरवलं. उद्दिष्टाबद्दल तक्रार नाही. पण जून २०२० मध्ये पहिली ते तिसरीत असलेल्या मुलांचा हिशोब मांडा. राज्यात पहिली ते चौथीचे वर्ग उघडायला डिसेंबर २०२१ उजाडला. अक्षरओळख, बाराखडी आणि जोडाक्षरं या पायऱ्यांची दीड वर्षं ज्यांनी घरी काढली, ती मुलं २०२५-२६ मध्ये सहावी, सातवी आणि आठवीत बसली, आणि 'निपुण'च्या वयोगटातून ती केव्हाच बाहेर पडली. मुलांना वाचता येतं का हे घरोघर जाऊन तपासणाऱ्या 'असर' पाहणीत २०२२ मध्ये ग्रामीण भारतातल्या आठवीच्या ६९.६ टक्के मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. म्हणजे दर दहातल्या तिघांना तो आला नाही. दुसरीचा मजकूर म्हणजे छोट्या वाक्यांची सोपी गोष्ट. सांद्रीभवन त्याच्या फार पुढे.

यावर शिक्षकांच्या खोलीत हमखास ऐकू येणारं उत्तर म्हणजे, 'नापास करणं बंद केलं, तिथेच घाण झाली.' हे अर्धसत्य आहे. शिक्षण हक्क कायद्याने आठवीपर्यंत मुलांना वर्गात मागे ठेवायला मनाई केली हे खरं. २०१९ च्या दुरुस्तीने ती सैल झाली आणि महाराष्ट्रानेही आता पाचवी व आठवीला वार्षिक परीक्षा, त्यात जमलं नाही तर पुनर्परीक्षा, अशी व्यवस्था आणली आहे. पण मागे ठेवलेल्या मुलाला दुसऱ्या वर्षी मिळतं काय? तोच धडा, तीच प्रश्नोत्तरं, तोच फळा. ज्याला जोडाक्षर फुटत नाही त्याला तोच धडा दुसऱ्यांदा वाचायला दिल्याने ते फुटणार नाही. मूल वर गेलं की मागे राहिलं यापेक्षा त्या वर्षात त्याला वाचायला कुणी शिकवलं का, हा प्रश्न विचारला पाहिजे. तो विचारला जात नाही, कारण सहावीच्या पुढे 'वाचायला शिकवणं' हे काम शिक्षकाच्या प्रशिक्षणातच नाही. बी.एड.ला मराठीची अध्यापनपद्धती शिकवतात, गद्य-पद्य-व्याकरणाची पाठ टाचणं काढून घेतात. पण बारा वर्षांचं मूल 'दऱ्याखोऱ्यांतून'पाशी का अडतं, हे तिथे कुणी सांगत नाही.

(३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला, २०२५ च्या उन्हाळ्यात पहिलीपासून हिंदी असावी की नसावी यावरून राज्य ढवळून निघालं. मुलांनी कोणत्या भाषा शिकाव्यात यावर आपण रस्त्यावर उतरतो. ज्या भाषेत ती शिकताहेत तीच सातवीत धड वाचता येत नाही, यावर अजून एकही मोर्चा निघालेला नाही.)

करायचं काय, याची सुरुवात प्रत्येक मुलाला तीन-चार मिनिटं एकटं ऐकण्यापासून होते. पाचवीच्या पातळीचा, मुलांनी आधी न वाचलेला, दीडशे-दोनशे शब्दांचा उतारा घ्यायचा. एक प्रत मुलाच्या हातात, एक शिक्षकाच्या. मूल वाचत असताना शिक्षकाने फक्त खुणा करायच्या : चुकलेल्या शब्दाखाली रेघ, गाळलेल्याला गोल, आणि स्वतःहून सुधारला तर बाजूला बरोबरची खूण, ती चूक धरायची नाही. मधे टोकायचं नाही. वाचून झालं की उतारा काढून घ्यायचा आणि म्हणायचं, 'यात काय होतं ते सांग.' त्यानंतर तीन प्रश्न : एक, ज्याचं उत्तर उताऱ्यात सरळ लिहिलंय, एक, ज्याला दोन वाक्यं जोडावी लागतात, आणि एक, ज्याचं उत्तर कुठेच लिहिलेलं नाही पण कळायला हवं. चाळीस मुलांच्या वर्गाला हे करायला सगळे मिळून अडीच तास लागतात. रोज एका तासिकेत आठ मुलं ऐकली आणि बाकीची तोवर गोष्टीची पुस्तकं वाचत बसली, तर आठवड्यात काम होतं. सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाच्या आकारिक, म्हणजे वर्षभर वर्गातच चालणाऱ्या, भागात 'तोंडी काम' नावाचा रकाना २०१० पासून आहे. बऱ्याच ठिकाणी तो सत्राच्या शेवटी एका बैठकीत भरला जातो. त्या रकान्यासाठी हे ऐकणं वापरलं तर नवा कागद काढायचीही गरज नाही.

एक सावधगिरी. शब्द मोजायचा मोह होतो, कारण 'निपुण'मध्ये तिसरीला मिनिटाला साठ शब्द अशी पट्टी आहे. पण मराठीचा एक शब्द म्हणजे काय? 'पावसाळ्यापूर्वीच्याच' हा एक शब्द आणि 'तो' हाही एक शब्द. प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं आपण मूळ शब्दाला चिकटवून लिहितो, त्यामुळे दोन उताऱ्यांची शब्दसंख्या सारखी असून एक दुप्पट जड असू शकतो. म्हणून वेग मुलाच्या स्वतःच्याच मागच्या महिन्याशी ताडावा, शेजारच्याशी नको. चुकांचा अंदाज मात्र उपयोगी पडतो. शंभर शब्दांत दहापेक्षा जास्त चुकत असतील, तर तो मजकूर त्या मुलाला एकट्याने वाचायला देऊ नये.

ऐकून झालं की वर्गाची तीन तोंडं स्पष्ट दिसतात. काही मुलं अजून अक्षरांशीच झगडतात. काही घडाघडा वाचतात आणि विचारलं की कोरी असतात. तिसऱ्या गटातली मुलं गोष्ट छान सांगतात, पण माहितीच्या उताऱ्यात हरवतात. तिघांनाही आपण एकच औषध देतो, ते म्हणजे 'वाचन वाढव'.

पहिल्या गटाचं बिघडलेलं बहुधा थोडंच असतं, पण नेमक्या जागी असतं. र घ्या. 'सूर्य'मधला रफार डोक्यावर बसतो, 'क्रम'मधला पोटात तिरपा घुसतो, 'राष्ट्र'मधला खाली काकपदासारखा लटकतो आणि 'दऱ्या'मधला वेगळाच वळतो. पहिलीत हे चार र चार महिन्यांत चार वेळा येऊन गेले. एकत्र कधी दाखवलेच नाहीत. सहावीच्या मुलाला ते एका फळ्यावर शेजारी शेजारी मांडून दाखवले, 'दर्या' आणि 'दऱ्या', 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' असे जोडशब्द वाचायला दिले, तर दोन-तीन तासिकांत गुंता सुटू लागतो. आचार्यांना बोलावलं तर प्रवचन होईल आणि आचाऱ्यांना बोलावलं तर जेवण, हा फरक एकदा हसून कळला की विसरत नाही.

दुसरी अडचण लांब शब्दांची. मूल डावीकडून एकेक अक्षर वेचत जातं आणि शेवटापर्यंत पोचेस्तोवर सुरुवात विसरतं. त्याला शब्द मागून सोलायला शिकवावं लागतं. 'पावसाळ्यापूर्वीच्याच' : शेवटचा 'च' झाका, मग 'च्या' झाका, मग 'पूर्वी'. उरला 'पावसाळ्या'. मूळ शब्द कोणता? पावसाळा. सामान्यरूप हे प्रकरण व्याकरणाच्या तासाला व्याख्येसकट पाठ होतं. वाचताना त्याचा उपयोग असतो, हे मुलांना कुणी दाखवत नाही. शब्दकोशात 'पावसाळ्या' सापडत नाही म्हणून कोश मिटून ठेवणारं मूल आळशी नसतं. रोज असे पाच शब्द, त्या दिवशीच्या भूगोलाच्या किंवा विज्ञानाच्या धड्यातलेच घ्यावेत. त्यानंतर शंभर शब्दांचा एकच परिच्छेद जोडीदारासमोर तीनदा मोठ्याने वाचायचा. पहिल्यांदा अडखळत, तिसऱ्यांदा बोलल्यासारखा. दहा मिनिटं पुरतात. आणि या मुलांच्या हातात पहिलीचं चित्रांचं पुस्तक मुळीच देऊ नये. बारा वर्षांच्या मुलाला वर्गासमोर 'कमळ, बदक' वाचायला लावलं की तो दुसऱ्या दिवशी शाळेला येत नाही, आणि त्याचं चुकतं असं म्हणता येत नाही.

दुसऱ्या आणि तिसऱ्या गटाचं दुखणं वाक्यरचनेत आहे, आणि इथेच उच्च प्राथमिक टप्प्याची खरी मेख आहे. इतिहासाच्या पुस्तकी मराठीतलं हे वाक्य पाहा : 'सरकारने वाढवलेल्या शेतसाऱ्यामुळे सावकारांच्या कर्जात अडकलेल्या पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील शेतकऱ्यांनी १८७५ मध्ये सावकारांकडील कर्जाचे दस्तऐवज जाळले.' सातवी-आठवीच्या मुलांना विचारा, दस्तऐवज कुणी जाळले? 'सरकारने' हे उत्तर हमखास येतं. मुलाने वाक्यातला पहिला 'ने' लागलेला शब्द कर्ता म्हणून उचलला आणि शेवटचं क्रियापद त्याला जोडून टाकलं. बोलताना आपण असं बोलतच नाही. 'सरकारनं सारा वाढवला, मग लोक कर्जात अडकले, मग त्यांनी कागद जाळले' असं एकापुढे एक सांगतो. पुस्तकी मराठी मात्र ही सगळी हकिगत 'वाढवलेल्या', 'अडकलेल्या' अशी विशेषणं करून नामाच्या आधी कोंबते. वाचणाऱ्याला नाम येईपर्यंत सगळं ओझं डोक्यावर धरून चालावं लागतं. सरावलेल्या वाचकाला हे जाणवतही नाही. नवख्याचं ओझं वाटेतच सांडतं.

हे शिकवता येतं, आणि त्याचा क्रम ठरलेला आहे. आधी शेवटचं क्रियापद शोधायचं : 'जाळले'. मग विचारायचं, काय जाळलं? दस्तऐवज. कुणी? आता 'ने' किंवा 'नी' लागलेले शब्द दोन आहेत, सरकारने आणि शेतकऱ्यांनी. 'सरकारने'च्या लगेच पुढे 'वाढवलेल्या' आहे, म्हणजे सरकारने वाढवण्याचं काम केलं; जाळण्याशी त्याचा संबंध नाही. उरले शेतकरी. कसले शेतकरी? अडकलेले. कशात? का? आता वाक्य फोडून लिहायचं : सरकारने शेतसारा वाढवला. शेतकऱ्यांना कर्ज काढावं लागलं. ते सावकारांच्या कर्जात अडकले. हे शेतकरी पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतले होते. १८७५ मध्ये त्यांनी कर्जाचे दस्तऐवज जाळले. पाच वाक्यं झाली की खरा प्रश्न विचारायचा : कागदच का जाळले? हे वाक्यात कुठेही नाही. पण पाचही वाक्यं समोर असली की वर्गातून कुणीतरी म्हणतं, 'कागद जळला की कर्जाचा पुरावाच गेला.' मग पुस्तक मिटायचं आणि ती पाच वाक्यं पुन्हा दोन वाक्यांत बांधायची, 'म्हणून', 'त्यामुळे', 'कारण' वापरून. हे झालं वाचन आणि हेच झालं लेखन. एका वाक्याला वीस मिनिटं लागतात. पहिल्या महिन्यात आठवड्याला अशी तीन वाक्यं, निरनिराळ्या विषयांतली, एवढं पुरे.

यातलं 'कागदच का जाळले?' हे विचारायचं काम इतिहासाच्या शिक्षकाचंच आहे. मराठीच्या बाई 'दस्तऐवज' सांगतील, पण १८७५ च्या या दख्खनच्या उठावात शेतकऱ्यांनी वाड्यांपेक्षा वह्या-खतांवर डोळा का ठेवला, हे इतिहासाचा माणूसच रंगवून सांगू शकतो. तसंच गणिताचं. 'जास्तीत जास्त', 'प्रत्येकी', 'च्या दीडपट' हे शब्द चुकले की शाब्दिक उदाहरण चुकतं आणि आपण म्हणतो पोरगं गणितात कच्चं आहे.

लेखनाची अवस्था याहून वाईट, कारण लेखन या नावाखाली शाळेत मुख्यतः उतरवणं चालतं. धडा संपला की प्रश्नोत्तरं फळ्यावर येतात आणि चाळीस वह्यांत चाळीस सारखी उत्तरं जातात. निबंध म्हणजे 'मी पंतप्रधान झालो तर' किंवा 'फाटक्या पुस्तकाचे आत्मवृत्त', तेही गाईडमधून. शुद्धलेखन हा शब्दच आपण 'दहा ओळी सुवाच्य अक्षरात उतरवणे' या अर्थाने वापरतो. २०२३-२४ मध्ये सरकारने पाठ्यपुस्तकांतच कोरी पानं घातली, मुलांनी धडा शिकताना स्वतःच्या नोंदी कराव्यात म्हणून. दोन वर्षांत ती योजना गुंडाळली. मुलांना स्वतःची नोंद करायला कुणी शिकवलंच नव्हतं. कोऱ्या पानावर काय लिहायचं हे न कळणं स्वाभाविक होतं.

स्वतःचं लिहायला लावायचं तर विषय असा हवा, की ज्यातलं मुलाला शिक्षकापेक्षा जास्त कळतं. सायकलचं पंक्चर कसं काढतात. कांदा चाळीत कसा रचतात. म्हशीने पान्हा चोरला तर काय करतात. पंचमीचा झोका कसा बांधतात. 'पंक्चर' दिल्यावर पहिल्या खेपेला साधारण असं येतं :

'मी सायकल उलटी केली मग टायर काढला मग टूप काढली मग हवा भरली मग पान्यात टाकली मग बुडबुडे आले मग तीथे चिटकवलं.'

इथे लाल पेन उघडायचा नाही. 'पान्यात' आणि 'तीथे' दिसतं, ते दिसू दे. आधी वाचणाऱ्याचे प्रश्न विचारायचे, म्हणजे ज्याने पंक्चर कधी काढलं नाही त्याचे. बुडबुडे कशाला बघायचे? काय चिकटवलं? चिकटवण्याआधी घासलं की नाही? लगेच चिकटवलं तर काय होतं? मुलाला हे सगळं ठाऊक असतं. लिहायचं असतं हे ठाऊक नसतं. दुसऱ्या दिवशीचा खर्डा मग असा येतो : 'ट्यूबमध्ये थोडी हवा भरून ती पाण्यात बुडवली. जिथून बुडबुडे येत होते तिथे भोक होतं. ती जागा पुसून कोरडी केली आणि काचकागदाने घासली, कारण गुळगुळीत रबरावर ठिगळ टिकत नाही. सोल्युशन लावून ते थोडं सुकू दिलं. ओलं असतानाच ठिगळ लावलं तर ते सरकतं.' दोन कारणं आली, सगळे 'मग' गेले आणि वाक्यांना टोकं आली. हा बदल प्रश्नांमुळे झाला. शुद्धलेखनाचे नियम अजून निघालेलेच नाहीत.

वेळ असा बसवता येतो. सोमवारी दहा मिनिटं जोडीने बोलायचं, पाच मिनिटं मुद्द्यांचे शब्द टिपायचे, पंधरा मिनिटं लिहायचं. आठ-दहा ओळी बस्स. मंगळवारी जोडीदाराला वाचून दाखवायचं. त्याने किमान दोन प्रश्न विचारलेच पाहिजेत. बुधवारी दुसरा खर्डा. गुरुवारी फक्त एकच गोष्ट तपासायची : या आठवड्यात पूर्णविराम, पुढच्या आठवड्यात परिच्छेद, त्यानंतर ऱ्हस्व-दीर्घ. चाळीस वह्या प्रत्येकी दहा मिनिटं तपासायच्या म्हटलं तर जवळपास पावणेसात तास होतात. ते कुणाला जमत नाही, म्हणून सगळ्यांचं लेखनच बंद होतं. त्याऐवजी रोज आठ वह्या नीट वाचाव्यात आणि बाकीच्यांवर नुसती तारीख घालावी. आठवड्यात प्रत्येक वही एकदा नीट वाचून होते. पालकांच्या नजरेला न तपासलेली चूक खुपते. ते पहिल्या पालकसभेतच समजावून सांगावं.

शुद्धलेखनाचे अठरा नियम एकदम शिकवणं व्यर्थ आहे. ऱ्हस्व-दीर्घाचे दोन धरले तरी रोजच्या चुका बऱ्याच कमी होतात. शब्दाच्या शेवटी येणारी वेलांटी-उकार दीर्घ : पाटी, वाळू, मी, तू. आणि 'फूल, तूप, खीर, गरीब' असा शेवटी अकार असलेल्या शब्दाचा आधीचा इकार-उकार दीर्घ, पण प्रत्यय लागला की तो ऱ्हस्व : फुलाला, तुपात, खिरीत, गरिबाचा. नियम सांगण्याआधी अशा तीस शब्दांच्या चिठ्ठ्या करून मुलांना दोन ढिगांत लावायला द्यायच्या. काय दिसतं ते त्यांनी सांगायचं. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द, जसं 'गुण' आणि 'विष', यात बसत नाहीत. ते वेगळ्या पाकिटात ठेवायचे, पुढच्या सत्रासाठी.

'पानी', 'व्हतं', 'गेलतो' यांचं काय? ज्या घरात अहिराणी, वऱ्हाडी किंवा मालवणी बोलतात, त्या घरातलं मूल आपलं बरोबरच बोलत असतं. नंदुरबारचं पावरी बोलणारं किंवा मेळघाटातलं कोरकू बोलणारं मूल तर मराठी ही दुसरी भाषा म्हणून शिकतं आहे. पहिल्या खर्ड्यात घरची भाषा चालू द्यावी, दुसऱ्यात 'पुस्तकात हे कसं लिहितात' असं विचारून शेजारी पुस्तकी रूप लिहून घ्यावं. 'अशुद्ध' असा शेरा मारला की मूल लिहायचंच थांबतं, आणि कोऱ्या वहीत सुधारायला काही उरत नाही.

आता आक्षेप. पहिला, अभ्यासक्रम कधी संपवायचा? शाळा तपासणारे केंद्रप्रमुख येतात ते किती धडे झाले हे विचारायला. याला सरळ उत्तर असं, की आज प्रश्नोत्तरं उतरवण्यात जाणारा वेळ आधी मोजा. एका धड्यामागे किमान दोन तासिका फळ्यावरून उतरवण्यात जातात, सगळ्या विषयांत मिळून. रोजची पहिली चाळीस मिनिटं सहावी ते आठवीसाठी एकत्र काढायची तर ती तिथूनच निघतील. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे या वर्गांना वर्षाला २२० दिवस आणि १,००० तास मिळायला हवेत. त्यातले सुमारे दीडशे तास यात जातील. या चाळीस मिनिटांत इयत्ता मोडून तीन गट करावेत. सहावीचं चांगलं वाचणारं मूल आठवीच्या मुलांबरोबर बसलं तर बिघडत नाही. तीन शिक्षक, तीन गट. दोन शिक्षकी शाळेत दोन.

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे. शिक्षकाला शिकवायला ठेवलंच कुठे आहे? मतदारयाद्या, सर्वेक्षणं, ऑनलाइन माहिती, उपक्रमाचे फोटो. १५ ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन घ्या : मुलं अर्धा तास पुस्तक धरून बसतात आणि दिवसभर फोटो चढवले जातात. दुसऱ्या दिवशी कपाटाला पुन्हा कुलूप, कारण पुस्तक हरवलं तर जमा-खर्चात शिक्षकाच्या नावावर पडतं. कायद्यात प्रत्येक शाळेत वर्तमानपत्रं, मासिकं आणि गोष्टींची पुस्तकं असलेलं ग्रंथालय सांगितलंय. वापरून फाटलेलं पुस्तक निर्लेखित करायची, म्हणजे नोंदीतून कमी करायची, सोपी सोय मात्र कुणी सांगितलेली नाही. शाळा व्यवस्थापन समितीने वर्षाला ठरावीक पुस्तकं 'वापरात जीर्ण' म्हणून ठराव करून कमी केली, तर कुलूप निघेल. पुस्तकं कमी पडत असतील तर बालभारतीच्या 'किशोर' मासिकाचे १९७१ पासूनचे अंक संकेतस्थळावर फुकट वाचायला मिळतात. या वयाला त्याहून नेमकं मराठी वाचन सहजी सापडायचं नाही.

आणि परीक्षा. शिक्षक जे तपासलं जातं तेच शिकवतात, याबद्दल त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. म्हणून बदल प्रश्नपत्रिकेपासून करायला हवा, आणि तो जिल्हा पातळीवर एका सत्रात करता येतो. भाषेच्या पेपरात एक न पाहिलेला उतारा विज्ञानाचा किंवा इतिहासाचा असावा. बाकी विषयांच्या पेपरात किमान एक प्रश्न असा असावा, की ज्याचा एकही शब्द धड्यात हुडकून सापडणार नाही. सांद्रीभवनाच्या धड्यावर 'सांद्रीभवन म्हणजे काय?' हा प्रश्न काढून टाकावा आणि लिहावं : 'फ्रिजमधून काढलेली पाण्याची बाटली थोड्या वेळाने बाहेरून ओली होते. बाटली फुटकी नाही. हे पाणी कुठून आलं, ते तीन-चार वाक्यांत लिहा.' गुण तीन. पहिल्या वर्षी निम्मा वर्ग लिहील, 'बाटलीतून झिरपले.'